आईचा वन्समोअर

मालवणात जुन्या संगीत नाटकाचा प्रयोग लागलाय म्हटल्यावर आईने पहिलं विचारलं, "तेच्यात ता नायिकेचा पद ठेवलानी आसा मा?"

"नाटक ताच, मगे पदा नसतली कशी?" मी म्हणाले.

"मग माका नाटकाक व्हर," ती म्हणाली. "माका वन्समोअर देवचो आसा."

ते पद आमच्या बाबांचं. मसुऱ्याच्या अलीकडे आमचं गाव. देवळातल्या उत्सवात गाववाले दरवर्षी हेच नाटक करायचे, आणि बायका काही रंगमंचावर चढायच्या नाहीत, म्हणून नायिका आमचे बाबा. एरवी भातशेती आणि काजू बघणारा, राकट हातांचा माणूस. त्या दिवशी मात्र आईच्या लग्नातला शालू नेसायचे. निऱ्या आईच काढून द्यायची. दुसऱ्या कुणी काढल्या तर म्हणे चालताना पायात यायच्या. गावातल्या बायका तिला छळायच्या, "काय गो, घोव देखणो काय तू देखणी?"

त्या पदाला वन्समोअर हमखास. मंडप दणाणून जायचा. आई तेवढी बायकांत पदराचं टोक दातांत धरून गप्प. "घोवाक कोण वन्समोअर देता काय? गावान तोंडात शेण घातला असता माझ्या," असं ती अजून सांगते. घरी आल्यावर शालूची घडी घालताना बाबा विचारायचे, "तुका आवडला?" ही म्हणायची, "बरा झाला." बस, एवढंच. बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली.

रविवारी दुपारी आम्ही जाऊन बसलो. जिकडे बघावं तिकडे पांढरी डोकी. वेंगुर्ल्याहून माणसं गाडी करून आलेली. पडदा वर गेला आणि माझं डोकंच सणकलं. पेटीवाला नाही, तबलजी नाही, सगळी साथ रेकॉर्डवर! अहो, संगीत नाटक आहे की गणपतीतला हलता देखावा? पहिलं पद संपलं तशी सवयीने मागून आरोळी उठली, "वन्समोअर!" नट बिचारा हात जोडतो तोवर रेकॉर्ड पुढे धावली. लोकांना उमजेना. दुसऱ्या पदाला पुन्हा आरोळी, पुन्हा तेच. शेवटी आमच्या मागचे एक आजोबा चिडून ओरडले, "अरे, थंय माणूस आसा काय नाय?" सभागृह खो खो हसलं, पण त्यानंतर कुणी वन्समोअर मागितला नाही. टाळ्या वाजवायच्या आणि गप्प बसायचं. कशाला हिला आणलं, असं झालं मला.

शेवटच्या अंकात ते पद आलं. मुलगी गोड गात होती, खोटं कशाला बोलू? आईचे ओठ हलत होते. बोटं मांडीवरच्या पदराला बारीक चुण्या घालत होती, निऱ्या काढल्यासारख्या. पद संपलं. टाळ्या झाल्या, विरल्या, पुढच्या प्रवेशाचं संगीत सुरू झालं. आणि आई उठून उभी राहिली. एरवी गुडघे धरून, 'आई गे' म्हणत उठणारी बाई!

"वन्समोअर!"

आवाज चिरका, फाटलेला. सगळ्यांनी माना वळवल्या. संगीत चालूच.

"वन्समोअर!"

मी तिचा हात ओढला, "आये, बस गो." तिने तो झटकून टाकला.

रंगमंचावरच्या त्या मुलीने आईकडे पाहिलं. मग आत बघून थांबायची खूण केली. रेकॉर्ड बंद पडली. आणि तिने ते पद साथीशिवाय पुन्हा उचललं. मागच्या आजोबांनी खुर्चीच्या हातावर ठेका धरला, बघता बघता निम्मं सभागृह धरायला लागलं. आमच्या देवळातल्या मंडपात बसल्यासारखं वाटलं मला, आणि बाबा हवे होते, इतके हवे होते की काय सांगू. मी रडले, सरळ रडले.

टाळ्या थांबेनात. आई हळूच खाली बसली. मी तिच्या कानाशी लागून म्हटलं, "दिलंस मा शेवटी वन्समोअर?"

"दिलंय," ती म्हणाली. "पण आता घराक गेल्यार 'तुका आवडला?' म्हणान विचारतलो कोण गो?"