साडूंची पुरवणी

माझे साडू गेले त्याला आता वर्ष होत आलं. त्यांच्याबद्दल कोणीतरी चार ओळी लिहून ठेवाव्यात असं घरात निघालं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी जन्मभर कचेरीत टंकलेखन केलं. पण तो मजकूर दुसऱ्यांचा असायचा. आणि खरं सांगायचं तर मी साडूंना फारसं ओळखतच नव्हतो. त्यांचं लहानपण कसं गेलं, त्यांना कशाची भीती वाटायची, एकटे असताना ते काय गुणगुणायचे, यातलं मला काही ठाऊक नाही. ते बोलके होते, पण स्वतःबद्दल बोलत नसत; आणि मी विचारणाऱ्यांतला नाही. घरात काही कार्य निघालं की आम्ही दोघं भिंतीजवळच्या खुर्च्या धरून बसायचो. ते म्हणायचे, "काय पाहुणे?" मी म्हणायचो, "काही नाही, पाहुणे." दोघेही एकाच घरचे जावई, म्हणजे दोघेही पाहुणेच. तेवढ्यावर आमची संध्याकाळ निघून जायची.

ते बसगाड्यांच्या सीट शिवायचे. गावातल्या बस जिथे दुरुस्तीला येतात त्या वर्कशॉपमध्ये मागच्या बाजूला त्यांचं मोठं मशीन होतं. फाटलेलं रेक्झिन उसवायचं, आतला फोम बदलायचा, पुन्हा शिवायचं, हेच काम निवृत्त होईपर्यंत. त्यामुळे त्यांना एक खोड लागली होती. कोणाच्याही घरी गेले की आधी खुर्चीच्या बैठकीवर तळहात दाबून बघत आणि मगच बसत. यजमानीण ओशाळायची. ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, डोळे वटारायची. "अहो, माणसांकडे बघा आधी!"

दुसरी खोड भेटवस्तूंची. घरात कोणाला काही द्यायचं ठरलं की साडू हळूच विचारणार, "कोण काय देतंय?" ते कळलं की मग त्यांचं ठरायचं. माझ्या लग्नात थोरल्या मेहुण्याने भिंतीवरचं घड्याळ दिलं. साडूंनी दिला सेल, खिळा आणि हातोडी, आणि दुसऱ्याच दिवशी येऊन घड्याळ टांगून गेले. माझ्या मुलाला त्याच्या आत्याने सायकल दिली, साडूंनी घंटी आणि हवा भरायचा पंप दिला. सायकल कधीच भंगारात गेली, पंप अजून चालतो. सासूबाईंना सगळ्या मुलांनी मिळून फ्रिज घेतला तेव्हा साडूंनी त्याच्याखालचं स्टँड आणलं. थोरल्या मेहुण्याच्या जिभेला हाड नाही. तो तेव्हापासून त्यांना "पुरवणी" म्हणायला लागला. उत्तरपत्रिकेला मागून जोडतात ती पुरवणी.

"आले का पुरवणी? मग आता कार्यक्रम सुरू करायला हरकत नाही."

साडू हसायचे. "पुरवणी लागते म्हणजे मुलाने अभ्यास केलाय, असं समजा."

मोठी वस्तू द्यायला त्यांचा हात आखडतो असं घरात बोललं जाई. पगार बेताचा होता हे खरंच होतं. पण एवढंच कारण होतं का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आताही नीट सांगता येईल असं वाटत नाही, म्हणून जे पाहिलं ते लिहितो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या बायकोच्या उजव्या डोळ्यातला आतला पडदा सुटला. ऑपरेशन झालं. डॉक्टरबाईंनी सांगितलं की आत वायूचा एक बुडबुडा सोडलाय, तो पडद्याला मागे दाबून धरेल. पण त्यासाठी दोन आठवडे मान खाली हवी. झोपायचं ते पालथं, बसायचं तेही टेबलावर कपाळ टेकून. मान वर केली की बुडबुडा सरकणार आणि पडदा पुन्हा सुटला तर तो डोळा जाणार. डावा डोळा आधीच अधू होता. तेव्हा काय पणाला लागलं होतं ते आम्हाला कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

आता माझी बायको म्हणजे पायाला भिंगरी. चहा पितानासुद्धा ती एका जागी बसत नाही, कप घेऊन घरभर फिरते. तिला पालथं घालून ठेवायचं म्हणजे वाऱ्याची मोट बांधण्यासारखं. तोंड ठेवायला मध्ये भोक असलेली गोल उशी इस्पितळाने दिली होती. त्या भोकातून तिला फक्त फरशी दिसायची.

"या फरशीत तडा आहे, तुम्हाला माहीत होतं?" असं तिने पहिल्या दिवशी विचारलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मी काही दगड नाही," आणि रडायला लागली. रडू नको असंही डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं.

परगावच्या मुलाने ताबडतोब एक छोटं गाणी ऐकायचं यंत्र पाठवलं. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं. आत तिच्या आवडीची गाणी, कथा, विनोदी भाषणं, सगळं भरून. पण त्याच्यासोबत आलेल्या कानातल्या बोंड्या पालथं झोपल्यावर गळून पडायच्या. त्या शोधायला ती मान उचलायची. गाणं बदलायचं झालं की यंत्र डोळ्यांजवळ आणायला पुन्हा मान वर. मी म्हणायचो, "अगं, मी बदलतो," आणि माझ्या हातून आवाज एकदम मोठा व्हायचा, की ती दचकून पुन्हा मान वर. जी वस्तू तिला स्थिर ठेवायला आली होती, तीच तिला हलवत होती. शेवटी मी ते यंत्र कपाटात ठेवून दिलं. बाजारात जाऊन दुसरं काही आणावं, तर मी दुकानदार पुढ्यात ठेवील ते घेऊन येणारा माणूस. काय मागायचं, हेच सुचत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ताई आणि साडू आले. ताई बहिणीजवळ बसली. साडूंनी खुर्ची दाबून पाहिली, बसले, आणि त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला.

"मुलाने काय दिलंय?"

मी कपाटातून यंत्र काढून दाखवलं आणि झालेला घोळ सांगितला. त्यांनी ते हातात घेऊन उलटसुलट केलं, वायरचं टोक बघितलं, खिशात टाकलं.

"पाहुणे, चप्पल घाला."

विजेच्या सामानाच्या गल्लीत एक अरुंद दुकान आहे. दुकानदारीण बाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला. साडूंनी यंत्र काउंटरवर ठेवलं. "याला सोबत काहीतरी द्यायचंय. भेट आहे. फार महाग नको."

बाईंनी भराभर माल मांडला. रंगीत रबरी कव्हरं, गळ्यात अडकवायचा पट्टा, पळणाऱ्यांसाठी दंडाला बांधायची पिशवी, डोक्यावरून घालायचे मोठे हेडफोन.

"पळणारी नाही ती," साडू म्हणाले. "सध्या तर अजिबातच नाही. हे हेडफोन पालथं झोपून चालतील?"

"पालथं झोपून कोण गाणी ऐकतं?"

"माझी मेहुणी."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांचं सगळं सांगायला सुरुवात केली आणि मध्येच अडखळलो. तोवर साडूंनी चष्मा काढून माझ्या हातात दिला होता. दुकानात गिऱ्हाइकांना बसायला एक लाकडी बाक होतं. साडू हेडफोन घालून त्या बाकावर पालथे झाले. पाय दुकानाच्या दारातून बाहेर. एक गिऱ्हाईक आत येत होतं, ते पाय बघून आल्या पावली परत फिरलं.

"अहो काका, काय हे!" बाई म्हणाल्या. "माझा धंदा बसवता का?"

"पट्टी टोचते," बाकाकडून आवाज आला. "दुसरं द्या."

दुसरं मानेमागून जाणारं होतं, ते मणक्याला लागायला लागलं. तिसरं कापसासारखं मऊ निघालं, पण त्याची किंमत ऐकून साडू आपणहून उठून बसले. "एवढ्यात तर एक अख्खी सीट होते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता तुम्ही झोपा. माझे कान सुपाएवढे आहेत, त्यांच्यावरून काही कळायचं नाही. तुमचे बेताचे आहेत."

मी कधी दुकानात भाव करताना आवाज चढवलेला नाही. त्या दिवशी भर बाजारात मी बाकावर पालथा झोपलो. नाकाला लाकडाचा वास येत होता, मागून कोणीतरी हसलं आणि कानात बाईंनी लावलेला एक बँड वाजत होता. पण तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तोंड खाली घालून पडलं की माणसाला किती एकटं वाटतं. आणि माझ्या पाठीवर साडूंचा तळहात होता, खुर्चीची बैठक दाबून बघावी तसा.

उठलो तेव्हा बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला होता. त्या आत गेल्या आणि धुळीने भरलेली एक डबी घेऊन आल्या. आत डबीच्या झाकणाएवढी एक चपटी चकती. "हा उशीखाली ठेवायचा स्पीकर. कोणी नेत नाही, म्हणून पडून आहे. कानात काही घालायला नको."

त्याच्याबरोबर साडूंनी एक लांब वायर निवडली. तिच्या मध्यावर बटण होतं. गाणं थांबवायचं, बदलायचं ते तिथूनच, बोटाने चाचपून, न बघता. यंत्र गादीला अडकून राहावं म्हणून चिमटा असलेलं कव्हरही त्यांनी उचललं, पण किंमत ऐकून परत ठेवलं. मी पाकीट काढलं तसा त्यांनी माझा हात धरला.

"मोठी वस्तू मुलाची. सोबतीचं माझं. यात तुमचं काही नाही, पाहुणे."

"आणि कव्हर?"

"ते मी शिवतो."

चकतीचा भाव बाईंनी निम्म्यावर आणला. वर म्हणाल्या, "बाकाचं भाडं घेत नाही तुमच्याकडून."

आम्ही विजयी वीरांसारखे घरी आलो. चकती उशीखाली ठेवली, यंत्र सुरू केलं. बायको म्हणाली, "शेजारच्यांच्या घरात काहीतरी वाजतंय वाटतं."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बाकावर आम्ही दोघं आळीपाळीने झोपलो होतो, पण भोकाची उशी कुठे होती तिथे? या उशीवर तिचे कान कडेवर टेकत होते, आणि खालच्या चकतीचा आवाज जाड फोममध्येच मरत होता. ताई खूप हसली. "दोघं शहाणे बाजारात झोपून आले, आणि उशी घरी!"

साडूंचा चेहरा पडलेला मी तेवढा एकदाच पाहिला. ते चकती हातात घेऊन बसून राहिले. मग उशीच्या कडेवर त्यांनी तळहात दाबला. इथे दाब, तिथे दाब.

"हिला टेबलाशी बसवा," ते ताईला म्हणाले.

बायको टेबलावर हातांची घडी करून त्यावर कपाळ टेकून बसली. साडूंनी पिशवीतून वाकडी सुई आणि मेणाचा दोरा काढला. निवृत्त होऊनही ते दोन्ही घेऊन फिरायचे, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी उशीच्या कडेची शिवण उसवली, आतला फोम चकतीच्या आकाराने कापला, चकती बरोबर कानाखाली येईल अशी बसवली, आणि वर नुसतं कापड ठेवून शिवायला लागले.

"भाऊजी, काय चाललंय?" टेबलावरून बायकोने विचारलं. "कोणीतरी सांगा मला. मला टेबलाशिवाय काही दिसत नाही."

"उशी शिवतोय."

"माझ्या डोक्याच्या मापाची आहे ना? नाहीतर बसच्या सीटची कराल."

"सीटच करतोय. तिकीट काढून बस."

शिवून झाल्यावर ती पुन्हा पालथी झाली. वायरवरचं बटण साडूंनी तिच्या बोटात दिलं. एक क्षण काही झालं नाही. मग तिचे खांदे हलायला लागले. मी घाबरलो, मला वाटलं रडतेय. खाली वाकून बघितलं तर भोकातून हसू येत होतं. विनोदी भाषण लागलं होतं.

दोन आठवडे तिने मान उचलली नाही, असं मी म्हणणार नाही. पण कारण नसताना उचलली नाही. साडू एक दिवसाआड यायचे, शिवण तपासायचे. गडद निळ्या रेक्झिनचं कव्हर त्यांनी दुहेरी टाके घालून आणलं, कपडे वाळत घालायचा चिमटा लावून. त्यानंतर डॉक्टरबाईंनी डोळ्यात दिवा टाकून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "पडदा जागेवर आहे." बायकोने घरी येऊन सगळ्यात आधी फरशीचा तो तडा बघितला. उजव्या डोळ्याने.

थोरला मेहुणा भेटायला आला तेव्हा त्याने ती उशी उलटसुलट करून पाहिली आणि "पुरवणी" हा शब्द काही काढला नाही. मला वाटतं त्याच्या ओठांवर आला होता.

त्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी साडूंचा फोन आला. ताई फोन करायची, ते स्वतः क्वचितच करत.

"पाहुणे, आता गरज नसेल तर ती उशी आणून द्या. चकती काढून शिवण पूर्ववत करून देतो."

"राहू द्या," मी म्हणालो. "ती आता सरळ झोपते तरी तीच उशी घेते. दुपारी गाणी लावते."

"असं होय?" ते म्हणाले. "मग आत धूळ जाईल. तिला अभ्रा पाहिजे."

"आहेत घरात अभ्रे."

"ते चौकोनी. गोल उशीला नाही बसणार. मीच शिवून आणतो."

"बरं," मी म्हणालो. "घाई नाही."