माथेरानच्या गाडीत तिच्या शेजारी

माझी शाळा सातवीपर्यंत. लिहायची सवय नाही. पण ही गेल्यापासून दिवसा घरात बोलायला कोणी नसतं. मुलगा-सून कामावर, आणि टीव्हीशी मी बोलत नाही. म्हणून लिहितोय. रडगाणं नाही. मला दोन माणसांचे आभार मानायचेत. त्यांची नावं मी विचारली नाहीत. ठाण्यातल्या नौपाड्याची होती, एवढंच कळलं.

मी माथेरानच्या गाडीवर ब्रेकवाला होतो. लोकांना वाटतं, गाडी ड्रायव्हर थांबवतो. डोंगरावर तसं नसतं. दोन फुटांच्या अंतरावर दोन रूळ, इवलेसे डबे, आणि वळण असं की मागच्या डब्यातल्याला खिडकीतून पुढचं इंजिन दिसतं. उतरताना एकट्या इंजिनाला ते ओझं आवरत नाही. म्हणून डब्याच्या टोकाला माणूस बसतो, पुढ्यात लोखंडी चाक. ड्रायव्हरने शिट्टी दिली की चाक आवळायचं, सांगितलं की ढिलं सोडायचं. सगळ्यांनी एकदम. एकाने जास्त आवळलं की डबा घसरत जातो, जळका वास सुटतो, आणि खाली पोचल्यावर शिव्या. मी लागलेलो तेव्हा वाफेचं इंजिन होतं. रूळ ओले असले तर हाताने वाळू टाकायची. साहेब तपासणीला यायचे ते ट्रॉलीवरून. चार चाकांवर एक बाकडं, वर छत्री. आमची माणसं रुळावरून अनवाणी पळत ती ढकलायची आणि वेग आला की टुणकन मागे चढून बसायची. असली लाइन. आमची चूल तिच्यावर पेटली, तिला नावं ठेवणार नाही.

ही रेल्वेच्या पासावर कितीदा आलेली. पण ती आत, मी टोकाला चाकावर. बाकीच्या बायका नवऱ्याच्या खांद्याला टेकून दरी बघायच्या, हिला माझी पाठ दिसायची. "एकदा माझ्या बाजूला बसून खाली उतरा," म्हणायची. मी म्हणायचो, "रिटायर होऊ दे." रिटायर झालो, कळव्याला मुलाकडे राहायला आलो, आणि पावसात डोंगर ढासळून लाइनच बंद पडली. पुन्हा सुरू होईस्तोवर हिची किडनी गेलेली. डायलिसिसच्या डॉक्टरांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "जायचं असेल तर आत्ता जाऊन या, काका. पुढचं मी सांगू शकत नाही."

गेलो. हिला त्रास नको म्हणून वर टॅक्सीने चढलो, पुढे ई-रिक्षा. उतरायचं तेवढं गाडीने. स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत उभा राहिलो आणि आमच्या पुढे चार माणसं असताना खिडकी बंद झाली. गाडी फुल्ल.

ही बाकावर बसलेली. म्हणाली, "उभा जन्म या गाडीवर काढलात, आणि दोन तिकिटं मिळेनात?"

"मी चाक फिरवायचो. तिकिटं फाडत नव्हतो."

"मग आत जाऊन सांगा ना, तुम्ही कोण ते."

"आता मी कोण? एक म्हातारा. पुढच्या वेळी बघू गं."

"हो हो, पुढच्या वेळी," ती म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. पुढची वेळ नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

बाजूला साठीचं एक जोडपं उभं होतं. बाई चष्मा लावलेल्या, शाळेतल्या बाईंसारखं स्वच्छ बोलणाऱ्या. "माफ करा, कानावर पडलं म्हणून बोलते. ही आमची तिकिटं घ्या. आम्ही टॅक्सीने उतरू."

"कशाला? रांगेत तुम्ही उभ्या राहिलात."

त्यांचा नवरा म्हणाला, "अहो घ्या. आम्ही नौपाड्याचे, केव्हाही येऊ."

मी सरळ बोललो, "तुम्ही याल. ही नाही येणार. म्हणून घेतो."

हिने मला कोपर मारलं. "असं बोलतात का? आभार माना त्यांचे!"

"खरं तेच बोलले हो," बाई म्हणाल्या आणि हिचा हात दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या. गाडी लागली तशी आम्ही गडबडीत चढलो, आणि आभार राहिले ते राहिलेच.

हिला खिडकी दिली, मी शेजारी. गाडी उताराला लागली. पहिली शिट्टी झाली आणि मी काहीतरी गच्च आवळलं.

"अहो! मनगट आहे ते माझं!"

बरं झालं, डायलिसिसच्या सुया टोचतात तो हात खिडकीच्या बाजूला होता. मी ओशाळून हात मागे घेतला. ती दरीकडे बघत राहिली. थोड्या वेळाने परत शिट्टी झाली, तर तिने आपणहून हात माझ्या मांडीवर ठेवला. "वाजली. आवळा."

"लोक बघतात."

"बघू देत. आवळा, नाहीतर गाडी जाईल दरीत."

समोरची पोरं खदखदून हसली. मग नेरळपर्यंत तेच. शिट्टी झाली की ती माझ्याकडे बघायची आणि मी हात दाबायचो, हलकेच. दरी मी पाहिलीच नाही. आजवर ती माझी पाठ बघत आलेली, त्या दिवशी मी तिचं तोंड बघत उतरलो. सुजलेलं होतं, पण हसत होतं.

नेरळला सगळे उतरले. ही उठेना. आमच्या डब्याचा ब्रेकवाला खिडकीशी आला. "आजी, उतरायचं नाही का?"

ती म्हणाली, "हे माझे मालक. तुमच्याच जागेवर बसायचे. आज पहिल्यांदा पॅसेंजर झालेत. बसू दे की जरा."

त्याने माझे घट्टे पडलेले हात बघितले, मान डोलावली आणि पुढचा डबा बघायला गेला. रिकाम्या डब्यात आम्ही दोघंच बसून राहिलो. तिथे होतो ते त्या दोन तिकिटांच्या जोरावर. नौपाड्याच्या बाई, हे तुमच्यामुळे झालं.