न पोहोचलेलं ‘कळलं’

माझी मोठी नणंद नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेत कर्णबधिर मुलांना शिकवते. मी हिंगण्याच्या एका कारखान्यात नेटवर्क सांभाळते. म्हणजे केबल ओढते, मेलेले स्विच बदलते आणि कुठलं मशीन कुठल्या कॉम्प्युटरशी बोलत नाही याच्या तक्रारी दिवसभर ऐकते. लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी आम्हा दोघींची कामं कधी एकमेकींच्या वाटेत आली नव्हती. ती आली दहा जुन्या कॉम्प्युटरांमुळे.

एका ऑफिसनं नवे घेतले आणि जुने ताईंच्या शाळेला देऊन टाकले. ताईंचा फोन आला, “तू येऊन पाहून घे वं. मले तर त्याचं बटण कुठं आहे तेही माहीत नाही.”

मी दोन रविवार शाळेत घालवले. दहाही कॉम्प्युटरांवर मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, जिचा सगळा कोड कुणीही उघडून वाचू शकतो आणि दुरुस्तही करू शकतो. ताईंना हवं होतं ते फार मोठं नव्हतं. त्या फळ्यापाशी शिकवणार, मुलं आपापल्या जागेवरून उत्तर टाइप करणार आणि ते ताईंच्या टेबलावर ठेवलेल्या शाळेच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर उमटणार. तेवढा एक तास खुणा बंद. ताईंचं म्हणणं असं की पोरं खुणांत पटाईत आहेत, पण मराठी लिहायची म्हटलं की अंग चोरतात. मी एका दुपारी छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. निरोप पाठवायचा साधा, हलका मार्ग घेतला: टाकला निरोप, पोच मागायची नाही. “हा निरोप तुमच्यापर्यंत पोहोचला का?” असं प्रत्येक कॉम्प्युटरवरून पाठवून पाहिलं. दहाही वेळा पोहोचला. मी खूश होऊन घरी आले.

दोन आठवड्यांनी ताई घरी आल्या त्या उतरलेल्या चेहऱ्यानं. चहा पुढ्यात ठेवला तरी कपाला हात लावला नाही.

“अपूर्णांक तीनदा शिकवले,” त्या म्हणाल्या. “तिन्ही वेळा एक-दोघं सोडले तर पडद्यावर एकच. ‘कळलं नाही’, ‘कळलं नाही’. बाकी एकाही पोराले कळलं नाही वं. वीस वर्षं झाली मले शिकवून, असं कधी नाही झालं.”

“मुलं नवीन आहेत ना ताई कॉम्प्युटरला,” मी म्हणाले. “पाठवायचं बटण दाबायला विसरत असतील.”

माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक असेल हे माझ्या मनातही आलं नाही, आणि आज मला त्याचीच जास्त लाज वाटते.

त्यानंतरच्या मंगळवारी माझ्या जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन आला. आवाज चढलेला होता.

“पोरांले कळलं आहे वं! सगळ्यांले कळलं आहे!”

झालं होतं असं, की तासाला एक मुलगी जागेवरून उठली आणि ताईंचा हात धरून त्यांना आपल्या कॉम्प्युटरपर्यंत ओढत घेऊन गेली. तिच्या पडद्यावर तिनं पाठवलेलं उत्तर होतं: कळलं. खाली परत: कळलं. त्याखाली परत. ताईंच्या टेबलावर त्यातलं एकही आलेलं नव्हतं. मग ताई एकेका बाकापाशी गेल्या. बहुतेकांच्या पडद्यावर तेच.

“तुझ्या मशिनीतून ‘कळलं’ येत नाही,” ताई म्हणाल्या. “‘कळलं नाही’ बरोबर येते.”

मला हसू फुटलं.

“हासू नको. दोन हप्ते मी स्वतःले मूर्ख समजून राहिली.”

शनिवारी रजा टाकून मी शाळेत गेले. केबल बदलल्या, स्विच बदलला, माझा प्रोग्रॅम ओळीन्‌ओळ तपासला. दहापैकी दोन कॉम्प्युटर वेगळ्या बनावटीचे होते, त्यांवरून सगळं नीट जात होतं. हे मुलांना माझ्या आधी माहीत झालं होतं. मधली सुट्टी संपली की त्या दोन खुर्च्यांसाठी पळापळ व्हायची. उरलेल्या आठांसाठी मुलांनी एक खूण काढली होती: मूठ तोंडाशी नेऊन गिळल्यासारखं करायचं. गिळणारे कॉम्प्युटर.

पण निरोप गिळले जात नव्हते. ताईंच्या कॉम्प्युटरवर येणारी पॅकेटं, म्हणजे निरोप ज्यात बांधून तारेवरून जातात ती पुडकी, मी मोजली, तेव्हा हरवलेलं प्रत्येक ‘कळलं’ तिथवर येत होतं आणि दारातूनच फेकलं जात होतं. पाठवणारा कॉम्प्युटर प्रत्येक पॅकेटमधल्या आकड्यांची एक बेरीज करून पॅकेटवरच लिहितो. घेणारा ती पुन्हा करून पाहतो. जुळली नाही तर पॅकेट टाकून देतो आणि कुणाला सांगतही नाही. आमची बेरीज चुकत होती, आणि ती करत होतं त्या आठ कॉम्प्युटरांमधलं, निरोप तारेवर सोडणारं नेटवर्क कार्ड. पण मग इतर वेळी कशी बरोबर येत होती?

“लहान उत्तरं हरवून राहिली,” ताई म्हणाल्या.

“नेटवर्कला लहान-मोठं कळत नाही, ताई.”

“तुले कसं माहीत? मोजलं तू?”

मी मोजलं नव्हतं. त्यांनी मोजलं. पुढचे तीन दिवस त्यांनी वर्गाला कामाला लावलं. एका मुलानं एक अक्षर पाठवायचं, मग दोन, मग तीन, आणि ताईंनी वहीत दोन रकाने करून लिहायचं: आलं, नाही आलं. इंग्रजीत एकदा, मराठीत एकदा, आठही कॉम्प्युटरांवरून.

बुधवारी संध्याकाळी मी कंपनीच्या बसमध्ये होते. मोबाइलवर ताईंचा संदेश आला: “इंग्रजी सतरा अक्षरं जात नाही, अठरा जाते. मधली जागा धरून. गुड मॉर्निंग मॅडम येते, गुड मॉर्निंग सर येत नाही. मराठी पाच जात नाही, सहा जाते. काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले, कारण पोरं तेवढ्या वेळा बटण दाबते.”

मी तो दोनदा वाचला. कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षराला एक घर लागतं, आपल्या प्रत्येक अक्षराला, प्रत्येक काना-मात्रेला तीन. तीन सक अठरा. म्हणजे दोन्ही भाषांत सीमा एकच होती. त्यात पॅकेटवरच्या पत्त्यांची वगैरे बेचाळीस घरं मिळवली की साठ. आणि साठ हा आकडा मला झोपेतही ओळखू आला असता. तारेवरून जाणारं लहानात लहान पॅकेट साठ घरांचं असावं लागतं. त्याहून लहान असेल तर उरलेल्या जागेत शून्यं भरून ते साठचं करतात.

मी बसमध्ये ओरडलेच. शेजारी पॅकिंग विभागातली बाई डुलकी घेत होती, ती दचकली.

“काय झालं वं? लॉटरी लागली काय?”

“माझ्या नणंदेनं चोर पकडला!”

“कोणाच्या घरचा?” तिनं विचारलं, आणि सगळी बस आमच्याकडे पाहू लागली.

चोर होता ड्रायव्हरमध्ये. ड्रायव्हर म्हणजे सिस्टीम आणि कार्ड यांच्यामधला दुभाषी प्रोग्रॅम. मी कारखान्यात इतकी वर्षं ड्रायव्हर नुसते टाकत आले होते, एकही उघडून वाचला नव्हता. आता जाता-येता बसमध्ये तो वाचू लागले. निम्मं डोक्यावरून जात होतं. पाचव्या दिवशी हवी ती जागा सापडली. ड्रायव्हर कार्डाला सांगत होता: लहान पॅकेट असेल तर शून्यं तूच भर, बेरीजही तूच कर. कार्ड शून्यं भरत होतं, पण त्या गडबडीत बेरीज चुकवत होतं. इंटरनेटवरची नेहमीची पॅकेटं साठच्या वरच असतात, म्हणून हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मी सोपा उपाय केला: कार्डाकडून बेरजेचं कामच काढून घेतलं आणि सगळं सिस्टीमकडे दिलं. शाळेत आठही कॉम्प्युटर बोलू लागले. ताई म्हणाल्या, “मग हे ज्यांचं आहे त्यांले कळव. आणखी कोणाचं हरवून राहिलं असेल.”

तो ड्रायव्हर सांभाळणारा माणूस कुठल्यातरी थंड देशात राहणारा. मी दुरुस्ती त्याला आणि असे बदल सगळ्यांसमोर चर्चेला येतात त्या ईमेलच्या यादीवर पाठवली. एका दिवसात उत्तर आलं: दुरुस्ती मूळ कोडमध्ये बसतच नाही, तुमच्या ईमेलच्या प्रोग्रॅमनं कोडमधल्या मोकळ्या जागा मोडल्या आहेत. जगासमोर पहिलं पाऊल टाकलं आणि चप्पल तुटली असं झालं मला. नीट करून पुन्हा पाठवली. या वेळचं उत्तर जास्त कडक होतं. लहान पॅकेटांच्या चुकीची शिक्षा सगळ्यांना का? दोष फक्त लहान पॅकेटांतच आहे याचा काही पुरावा आहे का?

पुरावा होता. मी ताईंची वही मागवून घेतली आणि दोन्ही रकाने जसेच्या तसे इंग्रजीत उतरवले. मुलं कुठली, काय टाइप करत होती, ‘कळलं’ का हरवतं आणि ‘कळलं नाही’ का पोहोचतं, सगळं लिहिलं. कोडही बदलला. आता फक्त साठपेक्षा लहान पॅकेटांची बेरीज सिस्टीमनं करायची, शून्यंही तिनंच भरायची आणि तयार पॅकेट कार्डाच्या हाती द्यायचं. एकूण सहा ओळी.

चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी मी कारखान्यात शिडीवर चढून छताजवळची केबल बसवत होते, तेव्हा खिशात मोबाइल वाजला. तिथंच उघडून वाचलं. दुरुस्ती स्वीकारली होती. खाली त्यानं लिहिलं होतं की इतकं स्वच्छ निरीक्षण या ड्रायव्हरबद्दल कधी आलं नव्हतं, आणि दोष दाखवून देणाऱ्या शिक्षिकेचं नाव दुरुस्तीत लागलंच पाहिजे, तेवढं कळवा. मी शिडीवरूनच ताईंना फोन लावला.

“ताई, तुमच्या नावाचं स्पेलिंग सांगा.”

“काहून? काय झालं?”

“जगभरातल्या कॉम्प्युटरांत जाणार आहे ते.”

मग त्यांनी एकेक अक्षर सावकाश सांगितलं, आणि म्हणाल्या, “वाचून दाखव.”

मी वाचून दाखवलं. खालून सुपरवायझर विचारत होता, मॅडम, केबल बसली का? बसली म्हणून सांगितलं. बसली नव्हती अजून.

आठवड्याभरात यादीवर एका अनोळखी माणसाचं पत्र आलं. डोंगरातल्या त्याच्या गावात पाण्याच्या टाकीची पातळी सांगणारं यंत्र तेच कार्ड वापरत होतं. त्याचे छोटे निरोप वर्षानुवर्षं अधूनमधून हरवायचे आणि तो दरवेळी तारा बदलायचा. आमची दुरुस्ती लावल्यापासून एकही हरवला नव्हता. ते पत्र मी ताईंना मराठीत करून वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं.

दुरुस्ती सिस्टीमच्या नव्या आवृत्तीत आली त्या शनिवारी मी शाळेत गेले. वर्गातल्या मोठ्या पडद्यावर ते पान उघडलं. इंग्रजी मजकूर, खाली दोष कळवणारी म्हणून ताईंचं नाव, आणि वर मी लिहिलेली ओळ, की हा दोष नागपूरच्या एका शाळेत कर्णबधिर विद्यार्थ्यांनी अक्षर-अक्षर पाठवून शोधला. ताई ती ओळ हातांनी सांगू लागल्या. अर्ध्यातच एका मुलानं त्यांना थांबवलं आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवून विचारलं: आम्ही? ताईंनी एकेकाकडे बोट दाखवत मान हलवली. तू. तू पण. तू पण.

मी सवयीनं टाळ्या वाजवल्या. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी सगळ्यांनी हात डोक्याच्या वर नेले होते आणि बोटं पसरून पंजे हलवत होते. ताईंनी माझं मनगट धरलं, हात वर उचलला आणि म्हणाल्या, “असं करतेत वं टाळ्या.” त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या खदखदून हसत होत्या. मी दुसराही हात वर केला.