बांधावरची बिळं

किस्से कुणी साठवत नाही. बांधावर आपण रोज एक घमेलं चिखल टाकतो, तसे ते पडत राहतात. मग एक दिवस बघावं तर हा ढीग! आता जमलाच आहे तर बसा, चार सांगतो.

गव्हाणला खाडीकाठी आमचा बांध आहे. एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भात. पूर्वी घरटी एक माणूस राखणीला असायचा. आता पलीकडे टॉवर उभे राहिले, बाकीच्यांनी शेती सोडली, आणि भात फक्त धर्माचं उरलं. धर्मा माझा लहानपणापासूनचा सोबती. राखण आम्ही तिघे म्हातारे करतो: तो, हिराजी आणि मी. खारं पाणी एकदा आत शिरलं की तीन वर्षं त्या जमिनीत दाणा होत नाही. धर्मा म्हणतो, "तीन वर्षांनी मी असंन का नाय, कुनी सांगावं?"

पाणी शिरतं ते बिळातून. म्हणून जुना नियम आहे. भरतीच्या वेळी ज्याला बीळ दिसेल त्यानं तिथून हलायचं नाही. हाक मारायची आणि कुणी चिखलाची गोण आणेपर्यंत बिळाला पाठ लावून बसून राहायचं. सोडून गेलात तर तेवढ्यात बिळाची खांड होते, म्हणजे बांधच फुटतो.

०

एकदा बांध बघायला एक तरुण इंजिनीयर आला. हातात फाइल, पायात चकचकीत बूट.

"इथे होल किती आहेत?"

"कुनाचे?" हिराजीनं विचारलं.

"कुणाचे म्हणजे? होल म्हणजे होल."

हिराजीनं त्याला शेजारी बसवलं. "ऐका सायेब. सुकं नि गोल, ते उंदराचं बीळ. तोंडाशी ओला चिखल, ते चिंबोरीचं, म्हंजे खेकड्याचं. घुशीला एका दारानं भागत नाय, तिला मागचं दार लागतं. वारूळ बांधतात मुंग्या, साप त्यात भाडोत्री. झाडात असली तर ढोली, तिचं आपल्याला काय नाय."

साहेबानं सगळं लिहून घेतलं. "म्हणजे चार प्रकार," म्हणत तो उठला, एक पाऊल टाकलं आणि गुडघ्यापर्यंत आत गेला.

हिराजी शांतपणे म्हणाला, "हा पाचवा. सायबाचं बीळ."

०

मी शाळेत थोडेच दिवस गेलो. गुरुजींनी विचारलं, "उंदीर कुठे राहतो?" सगळी पोरं म्हणाली, "बिळात." मी म्हटलं, "आमच्याकडं भाताच्या कणगीत राहतो." गुरुजी म्हणाले, "चूक."

घरी जाऊन बघितलं. कणगीतच होता. दुसऱ्या दिवशी हे मी धर्माला सांगितलं. तो म्हणाला, "मग त्याला शाळंत घाल."

०

नियम पाळण्यात हिराजी सगळ्यात कडक. एका भरतीला त्याला बीळ दिसलं, तोंड लहान होतं, म्हणून पाठ न लावता त्यानं पायच आत घातला. आत चिंबोरी घरी होती. तिनं अंगठा धरला.

हिराजी हलला नाही. मी गोण घेऊन पोचलो तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"रडतोस का रं?"

"रडत नाय. पाव्हनी सोडत नाय."

त्या चिंबोरीचं कालवण झालं. हिराजीच्या बायकोनं मोठी नांगी त्याच्याच ताटात वाढली आणि म्हणाली, "घ्या, वळखीची हाय."

०

शेजारच्या प्लॉटवर जेसीबी चालू होता. आमच्यात कुत्रा उकरतो, घूस पोखरते, चिंबोरी कोरते आणि माणूस खणतो. जेसीबीला काय म्हणावं ते अजून ठरलेलं नाही. त्याचा ड्रायव्हर धर्माला म्हणाला, "काका, तुमचं महिन्याचं काम मी एका दिवसात खणतो."

धर्मा म्हणाला, "खन बाबा. बुजवतोस किती दिवसात?"

०

बांधातलं बारीकसं बीळ धर्माला लांबून दिसतं, पण स्वतःच्या घराचं छप्पर गळतं ते दिसत नाही. एका पावसाळ्यात वहिनी कंटाळल्या. जिथं थेंब पडत होता, बरोबर तिथं त्यांनी धर्माचं अंथरूण घातलं. सकाळी मी हाक मारायला गेलो तर धर्मा डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला.

वहिनी म्हणाल्या, "आता तरी बुजवा हो ते."

धर्मा म्हणाला, "राहू दे गो. हे पानी गोडं हाय."

०

धर्माची मुलगी प्रतीक्षा पनवेलला नोकरी करते. गेल्या वर्षी कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी डोंबिवलीचे पाहुणे तिला बघायला आले: मुलगा आणि त्याचे आईवडील. कापणी आठ दिवसांवर होती आणि दुपारी पुनवेची मोठी भरती. धर्मा नवा पांढरा शर्ट घालून म्हणाला, "पाच मिनटात बांध बघून येतो." अर्धा तास झाला. हिराजी परगावी गेलेला, म्हणून वहिनींनी मला पाठवलं.

धर्मा छातीभर पाण्यात, बांधाला पाठ लावून बसला होता. नव्या शर्टासकट.

"नाना, गोण आन. नि पाव्हन्यांना जेवायला वाढा म्हनावं."

मी घरी आलो. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "मुलीचे वडील कुठे आहेत?"

मला खोटं बोलता येत नाही. "बिळाशी बसलेत," म्हटलं.

मग प्रतीक्षाच उठली. "ते तिथून उठणार नाहीत. चला, दाखवते."

सगळे चांगल्या कपड्यांत बांधावर आले. वडील वरूनच म्हणाले, "अहो, पाच मिनिटं उठा की. एवढ्या लांबून आलोय आम्ही."

"माफ करा पाव्हनं. उठलो तर भात गेलं." आणि मग धर्मा हळूच म्हणाला, "पोरीला माझ्यावरून तोलू नका. ती शानी हाय."

मुलगा भाताकडे बघत होता. मग त्यानं पाण्याकडे बघितलं. "भरती अजून किती वेळ?"

"तासभर," प्रतीक्षा म्हणाली.

त्यानं बूट काढले, मोजे बुटांत घातले, घड्याळ आईच्या हातात दिलं आणि खाली उतरला. "काका, तुम्ही जाऊन कपडे बदला. कुठे बसायचं?"

धर्मानं बोटानं जागा दाखवली. "हितं. पाठ लाव. आतून कुनी चावलं तरी हलायचं नाय."

एक सरकला, दुसरा बसला. पाणी आत गेलं नाही. धर्मा पाहुण्यांना घेऊन घरी जेवायला गेला. प्रतीक्षा बांधावर पाय सोडून बसली.

मी गोण भरून आणेपर्यंत बराच वेळ गेला. माझे गुडघे दुखतात. जवळ आलो तर मुलगा म्हणत होता, "काहीतरी चावतंय."

"मग?"

"काही नाही. सांगितलं आपलं."

प्रतीक्षा हसली. दोघांनाही मी दिसलो नव्हतो. गोण मी खांद्यावरून हळूच खाली ठेवली आणि तिच्यावर बसलो.