पोटावरचा हात

महिन्याच्या पहिल्या तारखेला कारखान्यात आम्हा बायकांना भिंतीला पाठ लावून ओळीत उभं करायचे. सुपरवायझर बाई एका टोकाकडून निघायची. प्रत्येकीचा पदर बाजूला सारायची आणि बेंबीखाली तळवा दाबून बघायची. बाजारात वांगं दाबून बघतात तसं. कुणाच्या पोटात पोर आहे का, एवढंच तिला हवं असायचं. जिच्या असेल तिला दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवायचे. बाईच्या हाताला खोबरेल तेलाचा वास यायचा. आता चाळीस वर्षं उलटली, पण माझ्या घरात ते तेल येत नाही. सुनेला वाटतं, म्हातारीचं काहीतरी खूळ आहे. वाटू दे.

ही ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही दिघ्याला पत्र्याच्या खोलीत राहायचो. नवरा तुर्भ्याला एका कारखान्यात माल चढवायच्या कामावर होता, आठवड्यातून चार दिवस काम, तीन दिवस घरी. त्याआधी दोन वर्षं मी नव्या इमारतींच्या पायावर माती उपसायला जात होते. तिथं माझं पहिलं पोर झालं. बाराव्या दिवशी मी त्याला शेजारच्या म्हातारीकडं ठेवून पाटी उचलायला गेले. दूध आटलं. दीड महिन्यात पोर गेलं. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. फक्त दुसऱ्या वेळी दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मी ठरवलं, ह्या पोराजवळ निदान तीन महिने तरी घरी बसायचं.

दसऱ्यानंतर मी औषधाच्या गोळ्या भरायच्या कारखान्यात लागले. टेम्पररी, ठेकेदाराकडून. मला दुसरा महिना चालू होता. घेताना सुपरवायझर बाईने कारकुनासमोरच विचारलं, पाळी कधी आली. मी म्हटलं, परवाच गेली. कारकून खाली मान घालून लिहीत होता, पण हसत होता. मग बाईचा हात पोटावर आला. दोन महिन्यांत काय लागणार हाताला? घेतलं मला.

लांब टेबल होतं, दोन्ही बाजूंनी बायका. गोळ्या मोजायच्या, बाटलीत घालायच्या, वर कापूस, मग झाकण. गोळ्यांची कडू पूड हवेत असायची, ती जिभेवर बसायची आणि मला उमळून यायचं. उठून गेलं तर बाई मागोमाग यायची, म्हणून मी उठायचे नाही. तोंडात आलेलं परत गिळायचे. कडू, आंबट, गरम. वाचायला घाण वाटत असेल तर मला ते रोज करायला कसं वाटलं असेल बघा.

एका रविवारी मी नाक्यावरच्या युनियनच्या खोलीत गेले. तिथं एक म्हातारा कारकून बसायचा, पान खायचा, कामगारांचे अर्ज लिहून द्यायचा. मी विचारलं, टेम्पररी बाईला बाळंतपणाची रजा मिळते का. तो म्हणाला, कायद्यात टेम्पररी-परमनंट असा फरक नाही. बाळंतपणाच्या आधीच्या वर्षभरात एका मालकाकडं एकशेसाठ दिवस काम झालं असलं की बारा आठवडे पगारी रजा, आणि पोटुशी आहे म्हणून काढताही येत नाही. मी बोटांवर हिशेब केला. चैत्रापर्यंत एकशेसाठ होत होते. बाळंतपण वैशाखात. बसत होतं. त्याने माझं हजेरीचं कार्ड बघायला मागितलं नाही आणि मीही दाखवलं नाही.

घरी कॅलेंडरवर मी रोज कोळशाने रेघ ओढायला लागले. एकही खाडा केला नाही. ताप आला तरी गेले. तिसऱ्या महिन्यानंतर जुन्या धोतराची पट्टी करून पोट आवळायला लागले. नोव्हेंबरची पहिली तारीख गेली, डिसेंबरची गेली.

माझ्या शेजारी टेबलाला परभणीकडची एक बाई बसायची. तीही दिघ्यालाच, आमच्या मागच्या गल्लीत राहायची. जाता-येता आम्ही बरोबर. डब्यातली चटणी मला द्यायची, कारण मला दुसरं काही जात नव्हतं. तिने मला पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. "किती महिने?" एवढंच विचारलं. त्यानंतर मला उमळून आलं की माझ्या वाटच्या चार बाटल्या भरून ठेवायची. पुढं तिलाही दिवस गेले. तिनेही मला सांगितलं. दुसऱ्या कुणाला नाही.

जानेवारीच्या पहिल्या तारखेला आम्ही दोघी ओळीत शेजारी उभ्या होतो. मला पाचवा महिना संपत आला होता. पट्टी इतकी आवळली होती की श्वास वरच्या वर घेत होते. बाईने माझा पदर सारला, हात ठेवला आणि तो तिथंच थांबला. तिच्या बोटांना पट्टीची गाठ लागली होती. ती माझ्या तोंडाकडं बघायला लागली.

मी म्हणाले, "बाई, माझं काय बघताय? हिला बघा. हिला तिसरा आहे."

मी हे विचार करून बोलले की तोंडातून निघून गेलं, हे मला विचारू नका. विचार करूनच बोलले. कॅलेंडरवरच्या रेघा डोळ्यांसमोर होत्या.

बाईने हात काढला आणि शेजारी ठेवला. परभणीची बाई माझ्याकडं बघत नव्हती, समोरच्या भिंतीकडं बघत होती. दुसऱ्या दिवशी गेटवर तिला थांबवलं. मी आत गेले.

त्यानंतर बाईचा हात माझ्यावरून पुढं जायला लागला. पहिल्या तारखेला ती माझ्यापाशी यायची, हसायची आणि पुढच्या बाईचा पदर सारायची. मोबदला म्हणून मी तिला बातम्या द्यायचे. कोण चिंच चघळते, कोण दोनदा संडासला जाते. माझ्या सांगण्यावरून आणखी एक गेली. मला वाटायचं, मी बाईला वापरून घेतेय. फेब्रुवारीत ठेकेदाराने सगळ्यांना दोन दिवस घरी बसवलं. त्याला ब्रेक म्हणायचे, दर चार महिन्यांनी असायचा. तिसऱ्या दिवशी नवीन कार्डं वाटली. माझं कार्ड बाईने स्वतः आणून हातात दिलं. "सांभाळ," म्हणाली, "जपून जा-ये कर." मला तिची माया वाटली. इतकी मी मूर्ख.

चैत्रात एकशेसाठावी रेघ ओढली. वर खात्रीला आणखी तीन दिवस काम केलं. मग पट्टी सोडली, पोट पुढं काढून ठेकेदाराच्या कचेरीत गेले आणि रजेचा अर्ज दिला. शुद्धलेखन चुकायला नको म्हणून तीनदा लिहिला होता. कचेरीतल्या माणसाने अर्ज वाचलासुद्धा नाही. तुझे दिवस होत नाहीत म्हणाला. उद्यापासून येऊ नकोस म्हणाला.

मी दोन्ही कार्डं घेऊन युनियनच्या खोलीत गेले. म्हाताऱ्या कारकुनाने चष्मा लावला, दोन्ही शेजारी ठेवली, बराच वेळ बघितली.

"बाई, हे दोन वेगळे मालक आहेत," तो म्हणाला. "ह्या कार्डावर एक ठेकेदार, ह्याच्यावर दुसरा. एकाकडं एकशेचार दिवस, दुसऱ्याकडं एकोणसाठ."

मी म्हटलं, टेबल तेच, बाटल्या त्याच, गेट तेच, बाई तीच.

"कागदावर नाही ना. दुसरं नाव बहुतेक त्याच्याच बायकोचं असणार. कोर्टात भांडता येईल. दोन-तीन वर्षं लागतील." मग म्हणाला, "वरची ओळ वाचली नव्हतीत का?"

वरची ओळ, ठेकेदाराच्या नावाची, इंग्रजीत होती. मी आकडे वाचायचे, तारखा वाचायचे. ती ओळ मी कार्डावरची नक्षी असल्यासारखी बघितली होती. आणि दर ब्रेकनंतर त्या ओळीतलं नाव बदलतं, हे बाईला पहिल्यापासून ठाऊक होतं. म्हणून तिने मला राहू दिलं. माझे दिवस कधीच होणार नव्हते, मग फुकट बातम्या आणून देणारी कशाला घालवायची?

वैशाखात मुलगी झाली, खोलीतच. विसाव्या दिवशी मी परत माती उपसायला गेले. ह्या वेळी नवरा तीन दिवस घरी असायचा ते कामाला आलं, आणि म्हशीचं दूध पाणी घालून पाजलं. पोरगी जगली. कशी जगली मला माहीत नाही. पहिलं गेलं त्यातही मी काही वेगळं केलं नव्हतं.

परभणीची बाई मला आषाढात सार्वजनिक नळावर भेटली. आठवा-नववा असेल, पोट पुढं, हंडा कमरेला. मला बघून सरकली नाही. माझा हंडा भरत होता, त्यामुळं मलाही जाता येईना.

"मिळाली का गं रजा?" तिने विचारलं.

"नाही."

तिने माझ्या हंड्यात पडणाऱ्या धारेकडं बघितलं.

"मग मला कशाला घालवलंस?"

तिने हे रागाने विचारलं असतं तर मी भांडले असते. भांडणात मी कुणाला ऐकत नव्हते. पण तिला खरंच उत्तर हवं होतं. हंडा भरून वाहायला लागला. मी तो उचलला आणि घरी आले.

पोटावर हात ठेवणाऱ्या बाईची मला शिसारी आहे, पण ती पगारासाठी करायची. ठेकेदाराचीही आहे. नळावरची बाई समोर आली की मात्र मला कुणाला नावं ठेवायला जागा उरायची नाही. पुढं दोन वर्षं आम्ही त्याच गल्ल्यांत राहिलो. मी पाणी भरायला पलीकडच्या नळावर जायचे, लांब पडायचं तरी.