ओठांतला चिंचोका

फाल्गुनात अंगणभर चिंचा वाळत पडल्या की त्यांचा आंबटगोड वास ढोकीच्या साखर कारखान्याकडून येणाऱ्या मळीच्या वासालाही मागे सारतो. परवा मी ओट्यावर हातोडीने चिंचा फोडत बसले होते आणि पलीकडे माझी नात पुस्तक हातात धरून एका दमात धडा ओरडत होती. समोर सून मोबाइल धरून उभी. हा व्हिडिओ शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर टाकायचा होता. मॅडमचा निरोप आला होता, तुमची मुलगी वाचतच नाही, नुसती पुस्तकात बघत बसते. सून बिचारी शरमेने अर्धी झाली. "आत्या, समद्यांची लेकरं खडाखडा वाचतेत. आपलीच मुकी बगा." मुकी कशाने? पोर मनातल्या मनात वाचते. पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही. पण मनातलं वाचन व्हिडिओत दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते आजकाल नसतंच! रागाने माझा घाव चुकला, बोटावर बसला आणि चिंचोका उडून पायाशी पडला.

तो उचलताना येडशीची आमची शाळा आठवली. मधल्या सुट्टीनंतरचा तास आमच्या मराठीच्या बाईंचा. धुऊन वाळवलेले चिंचोके त्या एका डब्यात ठेवत आणि प्रत्येकीच्या तळहातावर एकेक देत. तो ओठांत धरायचा आणि धडा वाचायचा. ओठ हलले की चिंचोका खाली. सुरुवातीला वर्गभर नुसती टपटप, आणि आम्ही हसून बेजार. मग टपटप हळूहळू थांबली. डोळे ओळींवरून आपापल्या चालीने जाऊ लागले. अडलं तर मागे फिरायचं, आवडलं तर तिथेच रेंगाळायचं, मागून ढकलायला कुणी नाही. सगळ्यांबरोबर ओरडून वाचताना मी कायम शेजारणीच्या आवाजाचा पदर धरून चालत असे. त्या शांततेत मात्र धड्यातल्या म्हातारीच्या पायातल्या फाटक्या वहाणा मला स्वच्छ दिसल्या, धड्यात त्यांचा उल्लेखही नसताना. बाईसुद्धा खुर्चीत बसून, ओठांत चिंचोका धरून आपलं पुस्तक वाचायच्या. तास संपला की विचारायच्या, "काय दिसलं गं तुला?" वाचणं कशाला म्हणतात, हे मला त्या प्रश्नाने शिकवलं.

पण गावाला शाळा कानांनी मोजायची सवय. पाढ्यांचा गलका पारापर्यंत पोचला तर शिक्षक खरा, नाहीतर झोपलेला. पारावरच्या थोरांनी बोंब ठोकली, "बाई पोरींला झोपवून ठिवतेत. शाळेचा आवाजच येत न्हाय!" तपासणीचे साहेब आले. एकीलाही काही न विचारता म्हणाले, वर्ग बोलका करा. बाईंनी शांतपणे विचारलं, "साहेब, गावाला ऐकू जावं म्हणून वाचतेत व्हय लेकरं?" त्यावर मिळाला तो हुकूम. डबा कपाटावर गेला आणि आम्ही पुन्हा बेंबीच्या देठापासून ओरडू लागलो. पार खूश झाला. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण आम्हाला ऐकवणारी माणसंही तीच!

मोठ्याने वाचूच नये, असं मी म्हणत नाही. अक्षरं नवी असताना जीभ वळायला हवी, चारचौघांत वाचताना आवाजही स्वच्छ हवा. पण जन्मभर माणूस जे वाचतो, ते बहुतेक मुकाट्यानेच ना? त्याच्या सरावाला मात्र आळस म्हणायचं. पाराच्या जागी ग्रुप आला, एवढाच काय तो बदल.

व्हिडिओ एकदाचा गेला. अंगठे आले, टाळ्या आल्या, सुनेचा चेहरा खुलला. मी नातीला विचारलं, "काय वाचलंस गं?"

"म्हाईत न्हाय आज्जी. जोरात वाचायचं हुतं."

सून आत गेली तशी ती माझ्याजवळ सरकली. दाराकडे एकदा बघितलं आणि कुजबुजली, "आता खरं वाचू का?"

एवढ्याशा लेकराने वाचायची परवानगी अशी चोरासारखी मागावी, याचा भयंकर संताप आला. ढिगातला एक चिंचोका पदराने पुसून तिच्या हातावर ठेवला आणि ओठांत कसा धरायचा ते दाखवलं. तिने तो धरला आणि मघाचाच धडा पहिल्या ओळीपासून उघडला. मी हातोडी खाली ठेवली. चिंचा काय, उद्याही फुटतील.