गावपळणीचं गणित

कप खाली ठेवा आधी. मागे एकदा हे सांगत होतो तेव्हा एका स्नेह्याच्या नाकातून चहा आला आणि त्याच्या शर्टाचं खापर घरात माझ्यावरच फुटलं. स्वतःची फजिती इतक्या चवीने कशी सांगता, असं विचारू नका. दुसऱ्याची असती तर याहून चवीने सांगितली असती!

मी मूळचा आचऱ्याचा. साठ सालानंतरची गोष्ट. मुंबईला राहून गणितात बी.एस्सी. झालो आणि वर एका संस्थेत इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र चालवायला शिकलो. ते यंत्र आमच्या घरापेक्षा मोठ्या खोलीत बसायचं. त्याला गारवा लागायचा, म्हणून खोली थंड ठेवायची. भोकं पाडलेली कार्डं त्याला खाऊ घालायची, मग ते विचार करायचं. आता हे गावात समजावणार कसं? माझी आये आपल्या झिलाचं, म्हणजे मुलाचं, कौतुक शेजाऱ्यांना सांगायची, "झील माझो मुंबैक कागदांक भोकां पाडता." ऐकणारे माझ्याकडे फार कणवेने बघायचे.

बाबांच्या मते गणित शिकलेला माणूस म्हणजे मास्तर. त्यांनी मालवणच्या एका शाळेत माझ्यासाठी शब्दही टाकून ठेवला होता. मला मात्र मुंबईतल्या एका पेढीत शिरायचं होतं. नव्या कंपन्यांना भांडवल उभारून देणारी पेढी. कुणाचा कारखाना चालेल, कुणाचा बुडेल, शेअर काय भावाने काढायचे, लोक ते घेतील का, हे सगळं तिथे ठरायचं. नुसतं ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा! पण तिथे घुसायला बी.कॉम. असावं लागे, नाहीतर मालकाचा भाचा. मी दोन्ही नव्हतो.

एकच धागा होता. पेढीचे मालक नेरूरकर साहेब मूळचे मालवणचे. मी धीर करून त्यांना पत्र लिहिलं, की आपले लोक अंदाज करतात, मी यंत्रावर गणित करीन. त्यांचं उत्तर आलं! मार्गशीर्षात घरच्या कार्याला मालवणला येतो आहे, तेव्हा तुमच्याकडे आचऱ्याला जेवायला येईन, तुमचं गणित काय करतं ते दाखवा.

आता आमच्या गावची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. काही वर्षांनी एकदा अख्खं आचरा गाव पळतं. पळतं म्हणजे खरंच पळतं हो! गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री, म्हातारेकोतारे, सगळे तीन दिवस, तीन रात्री शिवेबाहेर जाऊन झावळांच्या खोपीत राहतात. गावात कुणी शिरायचं नाही. हिला गावपळण म्हणतात. ती कधी होणार ते देवाला कौल लावून ठरतं. देव हो म्हणाला की गाव निघालं.

मग मला वाटलं, साहेबांना गणिताचा नमुना दाखवायला याहून चांगलं काय मिळणार?

आमचा शेजारी पास्कूमाम चहाचं दुकान चालवायचा. तिथे बसून मी म्हाताऱ्यांकडून मागच्या गावपळणींची माहिती गोळा केली. ती कशी म्हणाल? एक म्हणाला, आमची कपिला व्याली त्या वर्षी. दुसरा म्हणाला, माझी सासू वारली त्याच्या आधल्या वर्षी. मी कपिला आणि सासू दोन्ही कागदावर मांडल्या, आलेख काढला आणि जाहीर केलं, की या वर्षी गावपळण होणार नाही.

"अरे पण देवाक इचारलंस?" पास्कूमामने विचारलं.

"देवाचो काय संबंध, माम? हो हिशोब आसा!"

"बरां," तो कप विसळत म्हणाला. "पण ह्यां देवाक म्हायत आसा मां?"

मी हसण्यावारी नेलं. साहेबांना आलेखासकट लिहून टाकलं, की आमच्या गावात अशी अशी चाल आहे, पण यंदा ती येत नाही हे मी गणिताने काढलं आहे, आपण निर्धास्त यावं. निर्धास्त या शब्दाखाली रेघसुद्धा मारली.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. साहेब येणार त्याच्या जरा आधी बाबा देवळातून आले आणि म्हणाले, "देवान कौल दिल्यान. गाव पळतलो."

"बाबा, ह्या वर्षी नसता! माझ्या हिशोबात—"

"मगे तू जावन देवाक सांग."

ज्या दिवशी साहेब येणार, तो नेमका पळणीचा तिसरा दिवस! साहेब मुंबई सोडून निघाले होते, पत्र गाठणार कुठे? ठरवलं, की शिवेवर उभं राहून त्यांना गावाबाहेरच अडवायचं. चूक सांगायची कशी ते पुढचं पुढे.

त्या दिवशी कोट, टाय चढवून मी सकाळपासून मालवणच्या रस्त्याला उभा. साहेब बोटीने मालवणला उतरणार, म्हणजे तिकडूनच येणार. हेही माझं गणितच! ऊन चढलं. गुरं राखणारे येऊन मला बघून गेले. एकाने विचारलं, "कोणाचा लगीन रे?" टायमध्ये घाम मुरत होता आणि पोटात कावळे ओरडत होते. मोटार येईना. साहेब मला विसरले, असं वाटून रडू यायचं बाकी होतं. डोळ्यांपुढे मालवणची शाळा आणि फळा दिसायला लागला.

अखेर उन्हं कलल्यावर पाय ओढत खोपीकडे परत आलो. बघतो तर आमच्या खोपीपाशी काळी मोटार! आणि नेरूरकर साहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, जमिनीवर मांडी ठोकून, आयेच्या हातचं बांगड्याचं तिखलं पत्रावळीवर ओरपत होते.

"या," ते शांतपणे म्हणाले. "मी निर्धास्त आलो."

साहेबांना बोट लागायची. त्यामुळे ते मोटारीने तळेरे, कणकवली करत भलत्याच बाजूने सरळ गावात शिरले होते. घराघरापुढे उभं राहून हाका मारल्या. माणूस नाही, कुत्रं नाही, कोंबडीसुद्धा नाही! ड्रायव्हर म्हणे घाबरून रामनाम घ्यायला लागला. शेवटी शिवेपलीकडे चुलींचा धूर दिसला तेव्हा जिवात जीव आला.

"तुमच्या आईंना विचारलं, बाई, हे गाव गेलं कुठे? त्या म्हणाल्या, 'गाव हयसरच आसा. घरां थंय रवली.'" साहेबांनी आणखी तिखलं वाढून घेतलं. "म्हणजे गाव इथे आणि तिकडे राहिली ती नुसती घरं! इतकी वर्षं मी कंपन्यांच्या इमारती बघून कंपन्यांची किंमत ठरवतो आहे हो. आज वाटलं, कितीदा नुसती घरंच मोजली असतील. एकाही दाराला कुलूप नव्हतं. खळ्यात नारळ तसेच पडलेले. माणसं इतकं उघडं टाकून कशाच्या भरवशावर निघतात? हे तुमच्या यंत्राला कसं सांगायचं?"

या प्रश्नावर शहाणा माणूस गप्प बसला असता. मी म्हणालो, "पुरेशी माहिती मिळाली तर काढता येईल, साहेब."

आयेने कपाळावर हात मारला.

"बरं," साहेब म्हणाले. "मग गाव परत कधी भरणार?"

"उद्या सकाळी!" मी तडफेने सांगितलं. "तीन दिवस म्हणजे तीन दिवस. उद्याचा चहा आमच्या घरात, पडवीवर. नक्की!"

मागे बाबा खाकरले. एकदा, मग जरा मोठ्याने. मी दुर्लक्ष केलं.

तुम्हाला सांगायचं राहिलं, आणि मीही विसरलो होतो, की परत शिरायलासुद्धा कौल लागतो. सकाळी गावचे मानकरी देवळात जाऊन आले, कौलापुरती तेवढी त्यांना मुभा असते, आणि देवाने सांगितलं, अजून एक दिवस बाहेरच थांबा!

साहेब रात्री मालवणला मुक्कामाला गेले होते; थोड्या वेळाने त्या रस्त्यावर त्यांच्या मोटारीचा धुरळा दिसला. खरं सांगतो, मी खोपीमागे जाऊन बसलो. वाटलं, इथूनच मागच्या मागे निघावं, पहिली एस.टी. पकडावी आणि शाळेत मास्तर व्हावं. नोकरी गेली होती ती गेलीच होती, निदान तोंड तरी दाखवावं लागलं नसतं. तेवढ्यात बाबा आले. त्यांनी कधी मला पेढीसाठी बरं म्हटलं नव्हतं. त्या दिवशीही म्हणाले नाहीत.

"पावणो तुझ्या शब्दार इलो," ते म्हणाले. "जा, फुडे हो. चुकलंय म्हणान सांग, आणि च्याय दी."

मी गेलो. मोटार थांबताच म्हणालो, "साहेब, पुन्हा चुकलो. देवाने कौल दिला नाही. पण चहा तयार आहे."

साहेब उतरले. माझ्याकडे बघितलं, खोपीकडे बघितलं आणि तिथेच मोटारीला टेकून हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग चहा घेतला, आयेला नमस्कार केला आणि जाताना मला म्हणाले, "महिन्याच्या पहिल्या तारखेला पेढीवर हजर व्हा."

त्या रात्री अख्ख्या खोपीत मीच तेवढा शहाणा होतो. शेवटी गणितालाच मान मिळाला म्हणायचा! पास्कूमामला तसं ऐकवूनही आलो.

पहिल्या तारखेला तोच टाय बांधून पेढीवर गेलो आणि विचारलं, यंत्र कुठल्या खोलीत आहे? शिपायाने एक दार दाखवलं. आत भिंतीलगत लांब बाक, बाकावर कपाळाला आठ्या घातलेली माणसं, कोपऱ्यात स्टोव्ह आणि कपबश्या.

साहेब मागून आले. "ज्या कंपनीबद्दल आमचा अंदाज चुकतो, तिचे शेअर घेतलेले लोक इथे येऊन बसतात," ते हळूच म्हणाले. "आमची माणसं मागच्या दाराने पळतात. तुम्ही यांच्यासमोर बसायचं, चुकलो म्हणायचं आणि चहा द्यायचा. हे काम तुमच्याइतकं चांगलं करणारा मला आजवर भेटला नव्हता."

मी टाय सैल केला. "आणि साहेब, यंत्र?"

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं, माझ्या कानाशी आले आणि पेढीवर पहिल्यांदाच मालवणीत बोलले.

"यंत्र येतला रे. पण कधी येतला, ता मात्र तू कोणाक सांगू नको!"